सिकल तीच, मग त्रास वेगळा का?

आमच्या डहाणू-जव्हारकडे सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, काही नवीन नाही, वारली-कातकरी पाड्यांवर तपासणीचे कॅम्प लागतातच. पण एक प्रश्न मला कायम छळतो. एकाच घरात दोघी बहिणींना सिकल, एकीला पावसाळा आला की हाडं ठणकून अ‍ॅडमिट करावं लागतं आणि दुसरी गुडघाभर चिखलात भात लावते. हिमोग्लोबिनचा भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जीनमधलं डीएनएचं बिघडलेलं अक्षर तर दोघींचं तेच आहे ना!

बरंचसं उत्तर गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये आहे. जन्मानंतर काही महिन्यांत ते बनणं जवळजवळ थांबतं, ते थांबवण्यात बीसीएल११ए या प्रोटीनचा मोठा हात, पण काही जणांत ते थोडं चालूच राहतं आणि जितकं जास्त तितक्या लाल पेशी कमी वाकड्या होतात. आता गंमत अशी की हा फरक पाडणारी काही अक्षरं बीसीएल११ए जीनच्या अशा भागात आहेत जिथे प्रोटीनचा मजकूरच नाही, तिथे फक्त हा जीन किती चालवायचा ते ठरतं.

आणि नुसता डीएनए रिपोर्ट वाचून हे कळत नाही, कारण शेजारची अक्षरं पिढ्यान्‌पिढ्या जोडीनेच येतात, मग नेमकं कुठलं काम करतंय? त्यासाठी जिवंत पेशीच लागते. डीएनएचा तो तुकडा काजव्याच्या ल्युसिफरेज जीनला (उजेड पाडणारं प्रोटीन बनवणाऱ्या) जोडून पेशीत सोडतात, एक अक्षर बदलून परत तेच, आणि कुठली प्लेट जास्त उजळते ते मशीनवर मोजतात. मिरगाच्या तोंडावर आपल्या झाडांवर लुकलुकणाऱ्या काजव्याचाच भाऊबंद! पण तुकडा बाहेरून घातला की तो त्याच्या मूळ जागी नसतो, म्हणून क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायच्या तंत्राने, पेशीच्या स्वतःच्या डीएनएतच बदल करून बघावं लागतं, तेही लाल पेशी बनवणाऱ्या पेशींत, कारण तयार लाल पेशीत डीएनए ठेवणारं केंद्रकच नसतं.

2013 मध्ये बीसीएल११एचा असा एक भाग सापडला जो लाल पेशी बनवणाऱ्या पेशींत लागतो पण रोगाशी लढणाऱ्या बी पेशींत लागत नाही, म्हणजे तो तोडला तरी तिथलं काम बिघडत नाही. कॅसजेव्ही हे औषध नेमकं तेच करतं, 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालं, अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. आपल्या पाड्यावर ते कधी पोचणार, विचार करूनच जीव तुटतो.

तोवर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे, तीसुद्धा गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते आणि स्वस्त आहे. ओळखीत कुणाला सिकलचा त्रास असेल तर डॉक्टरांना हिच्याबद्दल नक्की विचारायला सांगा.