‘मीडिओकर’ शिकवताना

माझे बहुतेक विद्यार्थी शांघाय आणि हांगचौमधले, नोकरी करणारे. इंग्रजी शब्द त्यांना भरपूर पाठ असतात. गाडी अडते ती शब्दाच्या वजनापाशी, आणि ‘मीडिओकर’ (mediocre, म्हणजे जेमतेम दर्जाचा) या शब्दापाशी तर हमखास.

चिनी शब्दकोशात त्याचा अर्थ मिळतो ‘फिंगयोंग’. पण फिंगयोंग हा माणसाच्या कुवतीवर मारलेला शिक्का. नूडल्सना सहसा कोणी फिंगयोंग म्हणत नाही. त्यामुळे हॉटेलातल्या जेवणाला शाळेत शिकलेलं ‘सो-सो’ लावलं जातं आणि मीडिओकर नेमका माणसांच्या वाट्याला येतो, जिथे तो फार बोचतो. एका मुलीने नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, ‘माय स्पोकन इंग्लिश इज मीडिओकर.’ तिच्याकडे स्वतःबद्दल असं बोलणं ही साधी सभ्यता. इंग्रजीत वाचणारा मात्र पुढची ओळ न वाचताच अर्ज बाजूला ठेवेल. आम्ही ते वाक्य बदललं: ग्राहकांशी फोनवर नीट बोलता येतं, सराव चालू आहे. खरंही तेच होतं.

मला ‘हन यीबान’ हा रस्ता सर्वांत जवळचा वाटतो. हन म्हणजे खूप, यीबान म्हणजे साधारण. ‘खूप साधारण’ म्हटलं की चिनी माणसाला लगेच कळतं, बोलणारा नाराज आहे. मीडिओकरही असाच अपेक्षाभंगातून बोलतो. म्हणून वर्गात मी आधी विचारते, तुम्ही काय अपेक्षा केली होती? नावाजलेल्या दुकानासमोर तासभर रांग लावली, बांबूच्या टोपलीचं झाकण उघडलं, आणि शियाओलोंगबाओचं, म्हणजे आत रस असलेल्या वाफवलेल्या मोमोंचं, आवरण जाड, आत रस जेमतेम. हे मीडिओकर. तेच ऑफिसच्या कँटीनमध्ये मिळाले, तर ‘ओके’ म्हणून आपण खाऊन उठतो.

या शब्दाचा मागचा प्रवास मला फार आवडतो. लॅटिनमध्ये ‘मेदिओक्रिस’ म्हणजे मध्यम, शब्दशः डोंगराच्या मध्यावरचा, आणि कवी होरेसने तर या मध्यमपणाला सोनेरी म्हटलं. फिंगयोंगमधला ‘योंग’ही मूळचा बदनाम नाही. कन्फ्यूशियन परंपरेतल्या ‘चोंगयोंग’मध्ये, म्हणजे मध्यममार्गात, तोच आहे, आणि त्या नावाचा ग्रंथ 1313 पासून सरकारी परीक्षांच्या अभ्यासाला होता. आपला ‘सुमार’ बघा ना! मूळ अर्थ अंदाज, मोजदाद. ‘सुमारे’मध्ये तो अजून शाबूत आहे. पण नाटकाला सुमार म्हटलं की नटांचे चेहरे पडतात.

वापरताना एवढं सांभाळा. ‘हन’चं भाषांतर म्हणून पुढे ‘व्हेरी’ जोडायची गरज नाही, नाराजी शब्दातच आहे. जोर हवाच असेल तर ‘प्रिटी मीडिओकर’ छान बसतं. आणि उच्चारात आघात ‘ओ’वर द्या. चारही अक्षरं सारख्या वजनाने म्हटली, तर ऐकणाऱ्याला शब्द पटकन ओळखू येत नाही.