तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्या ओरखड्यानंतर

बडोद्याबाहेर सिंधरोटजवळ महीच्या काठी रविवारी सकाळी आमच्या, रस्ता सोडून दगडा-चिखलातून जाणाऱ्या गाड्या जमतात. दर वेळी कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी माझ्या जिप्सीखाली वाकून बघते आणि तोच प्रश्न येतो, "काकू, बंपर, दाराखालचे स्लायडर, खालची प्लेट, सगळं नवीन बसवायचंय. गंजणार नाही असं काय घेऊ? सगळं एसएसमध्येच, म्हणजे स्टेनलेस स्टीलमध्येच, करून घेऊ का?" उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते, आणि घरी येईपर्यंत रुखरुख लागते की नीट सांगितलं नाही. म्हणून आज बैजवार लिहिते आहे.

दुकानात वस्तू हातात घेतलीत की मनाशी एवढंच विचारा: हिच्यावर खोल ओरखडा पडला तर पुढे काय होईल? फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीच्या पोटाला ओरखडा क्वचितच पडतो. महीच्या कोतरांत (काठच्या घळींत) किंवा जांबुघोड्याच्या दगडी वाटेवर तो पहिल्याच दिवशी पडतो. काळा कुळकुळीत, गुळगुळीत भाग सगळेच विकतात. त्या चकाकीचं आयुष्य पहिल्या दगडापर्यंत.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी न्हाणीत एक जस्ती बादली होती. विहिरीच्या कठड्यावर आपटून, फरशीवर घासून तिच्यावर चरे पडलेले, पण ते चरे कधी लाल झाले नाहीत. आणि शेंगदाण्याच्या तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा रिकामा झाला की आजी तो अंगणात ठेवायची. त्याला जिथे ओरखडा पडे तिथे एका पावसाळ्यात तांबूस ओघळ येत. दोन्ही लोखंडच. एकावर जस्त, दुसऱ्यावर कथील. हे असं का, ते पुढे कलाभवनात धातुशास्त्र शिकताना कळलं. (सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेली ती संस्था आता विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी कलाभवनच.) ओल्यात दोघं एकमेकांना टेकलेले असले की जस्त लोखंडाआधी झिजतं. चऱ्यात लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी स्वतः विरघळतं आणि लोखंडाला वाचवतं. कथलाचं उलट. ते अखंड आहे तोवर ठीक, फट पडली की उघडं लोखंडच आधी जातं. रंग आणि पावडर कोटिंग (भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग) ही नुसती पांघरुणं. फाटलं की तेवढी जागा उघडी, आणि पाणी कडेने आत सरकत पांघरुणाखाली गंज पसरवतं. वरून फुगवटा दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

आपल्या भागात यात मीठ येऊन मिळतं. कवी-कंबोईच्या खाडीचा चिखल, कच्छच्या छोट्या रणातला चिखल, दोन्ही चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यांत जाऊन बसतात. रणाचं पाणी आटताना त्यात मॅग्नेशियमचे क्षारही राहतात. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की आपोआप ओलं होतं, मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं. म्हणजे तुम्ही जानेवारीत रणातून आलात, गाडी वरून धुतलीत, झाकून ठेवलीत, आणि खाली मात्र गंज न थांबता चालू आहे. मुलं मला म्हणतात, "पण काकू, गाडी तर कोरडी होती." मीठ असलेली गाडी आपल्याकडे कोरडी नसते.

माझी पहिली मोठी चूक स्लायडरची. दाराखाली बसवायचे ते जाड पाइप मी तयार घेतले, सुंदर काळं पावडर कोटिंग होतं. दोन वेळा रण आणि एक पावसाळा झाला. वरचा थर बहुतेक शाबूत. एकदा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं तर एका जागी टणटण, पुढच्या वीतभर भागात बद्द आवाज. खालून ड्रिलने भोक पाडलं आणि तांबडं पाणी धार लागून आलं. दोन्ही टोकं वेल्ड करून बंद केलेली, पण एका वेल्डमध्ये केसाएवढी फट. पाणी आत शिरत होतं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. आतून पाइप अगदी कोरा, रंगाचा थेंब नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) आमचा वेल्डर आत बोट घालून म्हणाला, "बेन, काट अंदरथी आवे छे." गुजरातीत गंजाला काट म्हणतात. पाइपच्या आत काय आहे, हे तेव्हापासून मी आधी विचारते.

म्हणून स्लायडर, खालची प्लेट, टायर कॅरिअर, बंपरचा सांगाडा अशा एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या) जाड भागांना माझी पहिली पसंती हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घेण्याला. साध्या झिंक प्लेटिंगचा थर 5 ते 12 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. साडेचारशे अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या 3 ते 6 मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी 70 मायक्रॉन बसतो, त्याहून जाड असेल तर 85. आणखी एक फायदा आहे, जो मला फार आवडतो. बंद पाइप त्या टाकीत घातला तर आतली हवा आणि ओल फुगून तो फुटू शकतो, माणसं भाजू शकतात. म्हणून भोकं नसलेला पाइप गॅल्व्हनायझरवाला टाकीजवळ नेऊच देत नाही. त्या भोकांतून जस्त आत जातं, आतली बाजूही मढते, आणि पुढे तीच भोकं पाणी काढून द्यायला उपयोगी पडतात. फक्त सगळं कापणं, वेल्डिंग आणि ड्रिलिंग आधी उरकून घ्या. जस्तावर वेल्डिंग केलं की थर जळतो आणि त्याच्या धुराने वेल्डरला ताप भरतो. पातळ पत्रा त्या उष्णतेत वाकडा होतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. राखाडी रंग आवडत नसेल तर पृष्ठभाग नीट खरबरीत करून वरून काळं पावडर कोटिंग घ्या. मग ओरखडा पडला तरी खाली जस्त आहे.

आता एसएस. बाजारात एसएस हे एकच नाव असलं तरी माल निरनिराळा असतो. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. 316 मध्ये शिवाय 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते मिठापुढे जास्त टिकतं. 202 मध्ये महागड्या निकेलचा बराचसा भाग काढून मँगनीज घातलेलं असतं, ते रणात लवकर डागाळतं. दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, "बघा, चिकटत नाही, अस्सल आहे." चुंबक 202 लाही चिकटत नाही. उलट सायलेन्सरसाठी वापरतात त्या 409 ला चुंबक चिकटतं, आणि तेही स्टेनलेसच. 304 चा पत्रा वाकवला की वाकलेल्या जागी त्यालाही थोडं चिकटू लागतं. चुंबकावर निर्णय घेऊ नका. बिलावर ग्रेड लिहून मागा, आणि मोठं काम असेल तर तुकडा तपासून घ्या. मँगनीज ओळखणारे रसायनाचे थेंब मिळतात, काम मिनिटाभराचं.

पण "सगळंच एसएसमध्ये?" याला माझं उत्तर ठाम नाही असं आहे, आणि ते बोल्टमुळे. मी वीसेक वर्षं तपासणी प्रयोगशाळेत काढली, तुटलेले बोल्ट हा माझ्या टेबलावरचा रोजचा माल. साध्या हाय टेन्साइल बोल्टच्या डोक्यावर 8.8 कोरलेलं असतं. तो 640 मेगापास्कलच्या ताणापर्यंत कायमचा लांबत नाही. चकचकीत स्टेनलेस बोल्टवर बहुधा ए2-70 लिहिलेलं असतं, त्याची हद्द 450. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट, शॉक अॅब्सॉर्बर, गाडी ओढून काढायचा हुक यांना गंजत नाही म्हणून स्टेनलेस बोल्ट लावणं म्हणजे कमजोर बोल्ट लावणं. तिथे मूळ मापाचा 8.8 किंवा 10.9 हवा, आणि तोही झिंक फ्लेकचा (जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा) थर दिलेला. त्याहून कणखर बोल्टवर कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तात प्लेटिंग करून घेऊ नका. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. बोल्ट चांगला दिसतो, आवळला जातो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी उभ्या गाडीतही तुटू शकतो. अशा तुटलेल्या बोल्टचा छेद मायक्रोस्कोपखाली खडीसाखरेच्या खड्यांसारखा दिसतो. तो एकदा बघितला की विसरत नाही.

स्टेनलेसची खरी जागा बिजागऱ्या, आरशाचे दांडे, दिव्यांचे ब्रॅकेट, टपावरच्या कॅरिअरचे छोटे स्क्रू, सायलेन्सर. नट आणि बोल्ट दोन्ही स्टेनलेस असतील तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून अँटी-सीझ ग्रीस लावूनच आवळा.

माझी दुसरी चूक: अॅल्युमिनियमची हलकी स्किड प्लेट (गाडीच्या पोटाखालची) मी मोठ्या हौसेने स्टेनलेस बोल्टांनी बसवली. वर्षभरात प्रत्येक बोल्टाभोवती पांढरी भुकटी जमली आणि भोकं सैल झाली. खारट पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांतला लवकर झिजणारा झिजतो, इथे तो अॅल्युमिनियम होता. आता मी प्रत्येक बोल्टाखाली नायलॉनचं वॉशर आणि भोकात नायलॉनची नळी घालते.

विक्रेते "हजार तास सॉल्ट स्प्रे" सांगतात. ही चाचणी खरी आहे, मी कित्येक लावल्या आहेत. बंद पेटीत 35 अंशांवर 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडत राहतात. पण ते तास म्हणजे तुमच्या गाडीची वर्षं नव्हेत, ते दोन नमुन्यांची तुलना करायला असतात. तेव्हा दोन गोष्टी विचारा. चाचणी सपाट पट्टीवर केली की वेल्ड असलेल्या खऱ्या भागावर? आणि नमुन्यावर मुद्दाम चरा ओढला होता का, ओढला असेल तर चऱ्यापासून गंज किती मिलिमीटर सरकला? याचं उत्तर देणारा विक्रेता मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या.

बंपरपुढे लावतात त्या जड लोखंडी चौकटीबद्दल, बुल बारबद्दल, थोडक्यात: केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना असे बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तो सेन्सरच्या कामात आड येऊ शकतो. मी बसवत नाही, बसवायला सांगतही नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, जिप्सीच्या तळापर्यंत पाणी चढलं. पाणी ओसरल्यावर पुष्कळांनी गाड्या वरून धुतल्या आणि खाली काळं रबरी अंडरकोटिंग मारून घेतलं. तसं करू नका. ओल्या गाळावर आणि गंजावर तो थर दिला की ओल आत कोंडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मी चेसिसच्या प्रत्येक भोकात पाण्याची नळी घालून गढूळ पाणी थांबेपर्यंत धुतलं, चार दिवस कडक उन्हात वाळवलं, आणि मग आतल्या पोकळ्यांत पातळ मेणाचा फवारा मारला. ते मेण सांध्यांत झिरपतं आणि मऊच राहतं, म्हणून तडकत नाही. रणातून आल्यावरही हेच धुणं, त्याच दिवशी.

जुनी गाडी असेल तर नवीन भाग विकत घेण्याआधी एक सकाळ काढा आणि चेसिस मुठीने ठोकत जा. बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. भक्कम स्लायडर कुजक्या चेसिसवर बसवून उपयोग नाही. माझ्या जिप्सीच्या मागच्या आडव्या पट्टीवर सध्या अशी दोन वर्तुळं आहेत. दिवाळीआधी तेवढा भाग कापून नवा पत्रा घालायचा आहे, वेल्डरने गुरुवारी बोलावलं आहे.