गच्चीवर तुंबलेलं पाणी कसं उतरवायचं

एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो. एवढं पाठ असलं की बाकीचा हिशोब तोंडी होतो. हजार चौरस फुटांची गच्ची साधारण ९३ चौरस मीटर भरते. तिच्यावर घोटाभर, म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं की स्लॅबवर नऊ टनांहून जास्त वजन बसलं. थंड मुलखात सपाट छपरांवरचा बर्फ फावड्यांनी ओढून काढतात. ताजा, भुसभुशीत बर्फ मात्र त्याच जाडीच्या पाण्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच भरतो. इमारतीवर किती भार धरायचा हे सांगणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकाचा चौथा भाग बर्फाच्या भाराबद्दल आहे, बडोद्यात तो उघडायची वेळ येत नाही. दुसरा भाग मात्र लागतो. जिन्याने वर जाता येतं अशा गच्चीसाठी त्यात दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरलेला आहे, जाता येत नाही अशा छतासाठी ७५. म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाण्यात पहिल्या प्रकारच्या गच्चीचा सगळा हिशोब संपतो, आणि कठडा तर तीन फुटांचा असतो.

चांगल्या बांधणीचा स्लॅब एवढ्याने लगेच खाली येत नाही. सुरक्षिततेसाठी जास्तीची ताकद ठेवलेली असते. पण ती आधीच कोणी खाऊन बसलेलं असतं. गळती लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक, हा आपल्याकडचा शिरस्ता. दहा सेंटिमीटर जाड वीटबंदी कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातो. दोन थर झाले की पाण्याचा थेंब पडायच्या आत चारशे. नवीन थर टाकायचा तर जुना फोडून खाली उतरवा, मजुरी वाढली तरी. लोखंडी गर्डरवर फरशा टाकलेलं जुनं छत असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळायला हवं, कारण गर्डर भिंतीत जिथे टेकतो तिथेच गंजतो आणि तो गंज खालून दिसत नाही.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. हजार फुटांच्या गच्चीवर एका दिवसात साडेसेहेचाळीस हजार लिटर. हे पाणी बाहेर जातं ते चार इंची एक-दोन पाइपांच्या तोंडातून. राष्ट्रीय इमारत संहितेच्या तक्त्यात तासाला १०० मिलिमीटर पावसासाठी १०० मिलिमीटरचा एक पाइप ४२.७ चौरस मीटर गच्ची सांभाळतो, ७५ मिलिमीटरचा फक्त २०.४. व्यास पाऊणपट, काम निम्म्याहून कमी. तेव्हा हजार फुटांना चार इंची तीन पाइप हवेत. दोन असतील तर ते कायम मोकळे राहायला हवेत.

तोंडं तुंबतात ती कशाने, हे बडोद्यात वेगळं सांगायला नको. उत्तरायणाचा मांजा. जानेवारीत कापलेल्या पतंगांचे कागद पावसाळ्यापर्यंत कुजून जातात, पण नायलॉनचा दोरा कुजत नाही. तो जाळीच्या भोकांत अडकतो, त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये गळलेली कडुलिंबाची पानं, कबुतरांची पिसं आणि काड्या गुंततात, आणि जूनपर्यंत नमद्यासारखा गच्च थर तयार होतो. पहिल्या पावसाची धूळ त्यावर बसली की पाणी थेंबाथेंबाने जातं. सपाट जाळी असेल तर वाऱ्याने उडून आलेली एक प्लॅस्टिकची पिशवीही पुरते. म्हणून घुमटाच्या आकाराची उंच जाळी बसवा. तिचा खालचा भाग कचऱ्याने झाकला तरी वरून पाणी जात राहतं.

आता, पाऊस कोसळतोय आणि वर पाणी तुंबलंय, अशा वेळी काय करायचं. वीज कडाडत असेल तर वर जायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. त्याआधी खालून गच्चीवरच्या दिव्याचा, टाकीच्या पंपाचा आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचा एमसीबी पाडा. सोलर पॅनेल असतील तर त्यांचा मेन स्विच बंद करूनही खात्री धरू नका, कारण उजेड असेपर्यंत पॅनेलपासून निघणाऱ्या तारांत वीज असतेच. त्या तारा किंवा त्यांचे जोड पाण्यात बुडालेले दिसले तर पाण्यात पाय घालू नका, सोलरवाल्याला बोलवा.

एकट्याने जाऊ नये. एक जण पाण्यात, दुसरा जिन्याच्या दारात. पायात रबरी तळाचे, नक्षी न झिजलेले बूट हवेत. चायना मोझॅक ओला झाला आणि त्यावर शेवाळ धरलं की चपलेने उभं राहणं कठीण. कठड्याला रेलू नका. साडेचार इंची विटांचा जुना कठडा आठवडाभर भिजलेला असतो.

गढूळ पाण्यात तोंड कुठे आहे ते दिसत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे मे महिन्यात प्रत्येक तोंडाच्या बरोबर वर कठड्यावर लाल ऑइलपेंटचा पट्टा मारून ठेवणं. तोंड सापडलं की हात घालायचा नाही. मांजा बोट कापतो, आणि गुठळी एकदम सुटली तर पाण्याची ओढ हात जाळीवर दाबून धरते. लांब दांड्याचं दाताळं घ्या, नाहीतर सळईचं टोक वाकवून आकडा करा. तोंडाच्या बाजूला उभं राहून कचरा आपल्याकडे ओढा आणि लगेच बादलीत टाका.

ढकलू मात्र नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बांबू घेऊन वरून ठोसे मारले की गुठळी जाळीतून निसटून स्लॅबखालच्या पहिल्या वळणात जाऊन बसते आणि पाच मिनिटांचं काम प्लंबरचं होतं. बांबूचा तुकडा मोडून तिथेच राहिला तर पाइप कापावा लागतो. अ‍ॅसिड ओतणं तर निव्वळ वेडेपणा; खाली पाइप साफ करणाऱ्याच्या अंगावर तेच पाणी येतं.

वळणात अडकलंच असेल तर खालच्या सफाईच्या झाकणाकडे धावू नका. सहा मीटर उंचीचा चार इंची पाइप भरलेला असेल तर त्यातच ४७ लिटर पाणी उभं असतं, आणि त्या झाकणावर आतून तेवढ्याच, म्हणजे सुमारे ४७ किलोंचा दाब असतो. वरचं सगळं पाणी त्याच्यामागे. गुठळी झाकणाच्या खाली असेल तर बोल्ट सुटताच झाकण तोंडावर येतं. पाइपवर टिचक्या मारत वर जा; भरलेला भाग बद्द वाजतो, रिकामा पोकळ. भरलेला भाग संपतो तिथेच, त्याच्या खालच्या टोकाला अडथळा आहे.

आधी गच्चीवरचं पाणी दुसऱ्या वाटेने कमी करा. पाऊण इंची बागेची नळी पूर्ण पाण्याने भरून दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा. एक टोक विटेला बांधून साचलेल्या पाण्यात बुडवा, दुसरं कठड्यावरून खाली अंगणात सोडा, आणि मग दोन्हीकडचे अंगठे काढा. दोन मजल्यांच्या उतारावर अशी एक नळी तासाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी खेचते. हळू आहे, पण तीन नळ्या लावल्या तर दीड तासात नऊ हजार लिटर उतरतं, आणि पाण्यात विजेचा पंप ठेवायचा धोका टळतो. वरच्या टोकाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा, नाहीतर नळीही तुंबते.

काही खुणा दिसल्या तर गच्चीवर जायचंच नाही. खालच्या खोलीत छताला नवी लांब भेग, प्लास्टरचे पोपडे एकदम गळणं, काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकणं. अशा वेळी वर आणखी दोन माणसांचं वजन नेण्यापेक्षा खालची खोली रिकामी करा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

पुराच्या वेळची एक गोष्ट. ऑगस्ट २०२४ सारखं विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं की पाइपाचं खालचं तोंड बुडतं. पाणी तरीही जातं, कारण उंचीचा फरक शिल्लक असतो, फक्त वेग घटतो. पूर ओसरल्यावर मात्र खालच्या वळणात गाळ बसलेला असतो. पुढच्या पावसाआधी तो काढा.

कायमचा उपाय स्वस्त आहे. गच्चीच्या सगळ्यात खालच्या बाजूला, कठड्यातून, फरशीपासून पाच सेंटिमीटर उंचीवर चार इंची पाइपाचा तुकडा बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन बसवा आणि भिंतीबाहेर वीतभर पुढे काढा. खालची सगळी तोंडं तुंबली तर पाणी इथून बाहेर पडू लागतं, आणि अंगणात धार पडली की वर काहीतरी तुंबलंय हे घरच्यांना कळतं. शेजाऱ्याच्या भिंतीवर ती धार जाणार नाही एवढं पाहा. तळमजल्यापासून एकच मालक नसेल तर आधी सोसायटीत विचारून घ्या, भोक पाडल्यावर भांडण मिटत नाही.

तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात. जाळी काढा, मांजा कात्रीने कापून उचला, मग वीस लिटरची बादली सोळा-सतरा सेकंदांत एका तोंडाशी ओता. तासाला शंभर मिलिमीटर पावसात एका चार इंची पाइपाच्या वाट्याला जेवढं पाणी येतं, साधारण तेवढाच हा वेग आहे. पाणी न चढता गेलं तर पाइप ठीक. जाळीभोवती चढू लागलं तर त्याच आठवड्यात प्लंबरची स्प्रिंग फिरवून घ्या. सोलरच्या स्टँडचे काँक्रीटचे ठोकळे उताराच्या आडवे बसवलेले असतील तर त्यांच्यामागे वेगळं तळं होतं. बसवतानाच ते उताराच्या दिशेने लावून घ्या किंवा खाली दोन इंचांची फट ठेवायला सांगा.