तुम्ही विचारलंत म्हणून: भाच्याला शेजारी का उभं केलं?

“मास्तर, भाच्याला बँडमध्ये घेऊन स्वतःच्या हातानं जागा का घालवलीत?” लग्नसराई आली की कुणीतरी विचारतंच. इतकी वर्षं मी ‘किंग ऑलिव्हरला विचारा’ म्हणून टाळलं.

किंग म्हणजे जो ऑलिव्हर, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा जॅझ वाजवणारा कॉर्नेटवाला; कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचाच आखूड भाऊ. शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये त्याचा बँड जोरात होता, तरी १९२२ साली त्यानं चेल्याला, लुई आर्मस्ट्राँगला, दुसऱ्या कॉर्नेटवर बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी जेनेट कंपनीत रेकॉर्डिंग झालं. तेव्हा माईक नव्हता, भोंग्यासमोर वाजवायचं. लुईचा आवाज एवढा दांडगा की त्याला लांब मागे उभं केलं, असं पियानोवाली लिल हार्डिन सांगायची. लुई माझ्याकडे आहे तोवर माझ्यापुढे जाणार नाही, असं ऑलिव्हर बोलल्याचंही तिनंच सांगितलंय. लोक तेवढंच धरून बसतात. अहो, ‘डिपरमाउथ ब्लूज’मधला म्यूट (आवाज दाबायचं झाकण) लावून रडवलेला तुकडा ऐका, तो ऑलिव्हरचा आहे! घाबरलेला माणूस असा वाजवतो?

मीही घाबरलो नव्हतो. बहिणीचा पोरगा रिकामा फिरत होता, म्हणून घेतला. निदान तेव्हा मी असंच सांगायचो. खरं म्हणजे तो दुसऱ्या बँडकडे चालला होता आणि ते मला कळलं होतं.

मे महिन्यातली वरात. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचतायत, गाण्याचा वरचा सूर आला. माझा पुढचा दात महिनाभर हलत होता. माउथपीस दाबला तशी कळ थेट डोळ्यात गेली आणि ट्रम्पेटमधून नुसती हवा आली. पण सूर थांबला नाही. भाच्यानं तो अलगद उचलला होता. वरातीत कुणाला पत्ताही लागला नाही, आणि हेच मला जास्त झोंबलं. रात्री टेम्पोत सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसलो, “माझ्या सुरावर का आलास?”

“मामा, तुमचा सूर आलाच नाही.”

चार पावसाळ्यांनी त्यानं स्वतःचा बँड काढला. लुईनं दोनच वर्षांत, १९२४ला, ऑलिव्हरला सोडलं. १९२७ला न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबची सुपारी चालून आली, तर ऑलिव्हरनं बिदागी कमी म्हणून नाकारली. ती ड्यूक एलिंग्टन या दुसऱ्या बँडवाल्यानं घेतली. त्यावर मला हसू नका, मीही अशा नाकारल्यात. मग ऑलिव्हरच्या हिरड्या सडल्या, वाजवणं सुटलं, आणि सव्हाना गावात एका पूल हॉलमध्ये (बिलियर्डच्या अड्ड्यावर) झाडू मारायची वेळ आली; १९३८ला तो तिथंच वारला. त्याआधी दौऱ्यावर आलेल्या लुईला तो सव्हानातच भाजी विकताना दिसला होता. लुईनं खिशातले पैसे काढून दिले.

भाचाही देतो. दिवाळीला पाकीट घेऊन येतो, वाकून नमस्कार करतो, मास्तर म्हणतो. मामा म्हणायचं त्यानं कधी सोडलं, ते मी विचारलेलं नाही.