नावाचा राजा

परवा आत्याला घेऊन सावंतवाडीला गेलेलो, काम बँकेत होतं पण लंच टाइम झाला, मग मोती तलावाला अर्धा फेरा मारून राजवाड्यात शिरलो. आत्याने बाहेरच चपला काढल्या. "आत्ये, देवूळ नाय ता," म्हटलं तर ऐकेना.

तिच्यासाठी राजेसाहेब म्हणजे शिवरामराजे भोसले. मला ते आमदार म्हणून ऐकून माहिती, पण त्यांचं लहानपण बघितलं तर अजबच आहे. जन्म १९२७ चा. वडील बापूसाहेब महाराज १९३७ ला गेले, त्यांच्या कारभाराला लोक अजून रामराज्य म्हणतात, आणि मागे गादीवर कोण तर धड दहाचाही न झालेला पोरगा. आपण लगेच म्हणतो राजाचा मुलगा, त्याला काय कमी. अहो पण वडील नाहीत, आणि राजा तो फक्त नावाचा, कारभार सगळा आईसाहेब पार्वतीदेवींच्या हातात. त्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची नात, त्यामुळे राज्य चालवणं म्हणजे काय हे घरातच बघितलेलं.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. पोरगा सज्ञान होऊन अधिकार हातात यायची वेळ आली तीच नेमकी १९४७ ची. १९४८ ला संस्थान विलीन, सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यात गेली, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो पार १९८१ ला. म्हणजे ज्या वयात आमच्याकडची पोरं मुंबई गाठून मिलमध्ये नोकरी शोधायची, त्या वयात ह्यांची होती ती नोकरीच गेली!

पुढे निवडणुकीला उभे राहिले आणि आमदार झाले, एकदा नाही, बऱ्याच वेळा. त्यातली निम्मी मतं बापूसाहेबांच्या पुण्याईची असणार असं मी म्हटलं, तर आत्या तिथंच उसळली, "राज्य गेला, पण नाव खंय गेला?" म्हणजे माझंच म्हणणं झालं ना हे, पण बोलणार कोण.

निघताना गंजिफा बघितली, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे जुने पत्ते. दशावतारी, गोल पत्ते, एकूण १२०. प्रत्येक अवताराचे बारा, त्यात एक राजा, एक प्रधान, बाकी दहा साधे. शिवरामराजांच्या पत्नी सत्वशीलादेवींनी ही कला जगवली म्हणून आज बघायला तरी मिळते. आत्याने राजाचा पत्ता चष्मा वर करून नीट बघितला, किंमत विचारली, आणि "बँक उघडली असतली" म्हणत चपला शोधायला गेली.