धावायला त्रास? कधीच नाही

मुलांच्या थॅलेसेमिया डे-केअरमध्ये मी समुपदेशक आहे. थॅलेसेमिया म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार. दर तीन-चार आठवड्यांनी मुलं रक्त चढवून घ्यायला येतात. पिशवी लावली की तास-दोन तास जागेवर सापडतात, तेव्हा मी मुलांचं रोजचं जगणं कसं चाललंय हे मोजणारी पेडस्क्यूएल प्रश्नावली भरून घेते. गेल्या महिन्याबद्दलचे 23 प्रश्न. त्रास जितका कमी तितके गुण जास्त. ‘कधीच नाही’ म्हटलं की त्या प्रश्नाला थेट 100. पालकांचा फॉर्म वेगळा.

त्या दिवशी नऊ वर्षांचा एक मुलगा होता. “धावायला त्रास होतो?” “कधीच नाही.” त्याच प्रश्नापुढे आईने मात्र ‘जवळजवळ नेहमी’वर खूण केली होती. आई आणि मुलाचं न जुळणं नेहमीचंच. अशा वेळी मुलाचा शब्द आधी धरायचा, हे मला मनापासून पटतं. तरी का कोण जाणे, पेन खाली ठेवून विचारलं, “शेवटचा कधी धावलास रे?”

तो नळीत पडणारे थेंब बघत राहिला. “मला धावूच देत नाहीत, ताई. क्रिकेटला मी स्कोअर लिहितो.”

मग त्रास होणार कुठून? प्रश्न त्याला कळला होता, उत्तरही खरं होतं. पण आमच्या हिशोबात त्याला 100 आणि वर्गात सगळ्यांच्या पुढे पळणाऱ्या पोरालाही 100. आजवर असे किती कागद मी फायलीला लावले असतील, या विचाराने पोटात गलबललं.

“गेला महिना म्हणजे कधीपासून?” “गणपतीपासून.” तेव्हा डिसेंबर चालू होता. म्हणून म्हटलं, “बरं, मागच्या वेळी रक्त चढवलं तेव्हापासून सांग.” आता त्याने बोटं मोजली. “आधी मस्त असतं. मग शाळेचा जिना मोठा होत जातो.” हिमोग्लोबिन कसं उतरत जातं, हे इतकं नेमकं मला कुठल्याच रकान्याने सांगितलं नव्हतं.

छापील प्रश्नांचे शब्द परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. पण आता वर मागच्या रक्ताची तारीख लिहिते, आणि धावणं, खेळ, घरकाम आलं की आधी विचारते, “तू हे करतोस का?”

त्याच्या कागदावर ‘कधीच नाही’ची खूण तशीच ठेवली. शेजारी पेन्सिलने लिहिलं, ‘धावू देत नाहीत’. डॉक्टरांनी ते वाचलं, त्याला तपासलं आणि आईला आत बोलावून घेतलं. किती खेळू द्यायचं, हे त्या दोघांनी पहिल्यांदाच बसून ठरवलं.