जळगाव–धुळे–जळगाव, 200 किलोमीटर: बाटलीत काय आणि खिशात काय

गेल्या वर्षी फेब्रुवारीत परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे मी सायकल आडवी टाकली होती. पोटात पाणी डुचमळत होतं, डोकं ठणकत होतं, घास तोंडात फिरत होता. दिवसभर साधं पाणी ढोसलं, मीठ जवळजवळ नाहीच, आणि केळी खाल्ली ती फक्त सकाळी. यंदा त्याच 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळात संपवायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तासांच्या मुदतीत दोन तास राखून पोहोचलो. पाय तेच आहेत, बदललं ते खाणंपिणं.

तयारी तीन आठवडे आधी वजनकाट्यावर सुरू झाली. उन्हात दोन तासांची फेरी, आधी आणि नंतर घाम पुसून वजन. 800 ग्रॅम घटलं, वाटेत एक लिटर प्यालो होतो. म्हणजे तासाला साधारण 900 मिली घाम. हा आकडा माझा. तुमचा तुम्हीच काढा, दुसऱ्याचा उपयोगाचा नाही. घामाइतकं सगळं पाणी पोटात जिरत नाही, म्हणून मी तासाला 700 मिलीच्या आसपास ठेवलं.

आदल्या रात्री घरी वरण-बट्टीचा बेत होता. मोह आवरला, वरण-भात आणि दोन पोळ्या. तुपातली बट्टी पोटात रेंगाळते, ती दुसऱ्या दिवशी खा. सुटायच्या दोन तास आधी पोहे, शेंगदाणे न घालता.

750 मिलीच्या बाटलीत साखर तीन मोठे चमचे, मीठ पाव लहान चमचा, अर्धं लिंबू. त्यातून 35 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात, वर मध्यम केळ्यातून 25. तासाला 60 ग्रॅम झाले, एवढं बहुतेकांचं पोट सहज पचवतं. ओआरएसवर विसंबून पोट भरू नका: लिटरभराच्या पुडीत ग्लुकोज अवघं साडेतेरा ग्रॅम असतं. ते क्षारांसाठी आहे, ताकदीसाठी नाही.

पहिलं केळं बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडल्यावर, भूक नसताना. घड्याळात दर 20 मिनिटांचा गजर लावला होता. वाजला की तीन-चार घोट. एरंडोलपर्यंत हे फार सोपं वाटतं, आणि नेमकी तिथेच टाळाटाळ होते. केळी रावेर-यावलकडची असली तरी जर्सीच्या खिशात घट्ट पिवळी, ठिपके न पडलेलीच ठेवा. माझी चौथी अकरा वाजता सालीतच लगदा झाली होती.

धुळ्याहून वळल्यावर ऊन पुन्हा पाठीवरच. जाताना सकाळचं, येताना दुपारचं. मानेवर ओला रुमाल हवाच. एक वाजल्यानंतर घट्ट काही गिळवत नाही. पारोळ्याजवळ रसवंतीवर थांबलो, उसाचा रस चिमूटभर मीठ घालून, बर्फाशिवाय. मी उभ्यानेच पिऊन निघायला लागलो तर रसवाले म्हणाले, “बठ ना भाऊ, इतली काय घाई शे?” बसलो दहा मिनिटं. सावलीतली ती दहा मिनिटं पुढे एरंडोलच्या चढावर कामी आली.

राजगिऱ्याचा लाडू, एनर्जी जेल, पावडर, काय वापराल ते सरावात किमान तीन वेळा खाऊन बघा. आणि तहान नसताना साधं पाणी ढोसू नका; रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. असं वाटलं तर थांबा, सोबत्याला सांगा, दवाखाना गाठा.

घरी काट्यावर सकाळपेक्षा एक किलो कमी भरलो. गेल्या वर्षी मी सकाळपेक्षा जड झालो होतो.